गोणीच्या मधला मोतीबिंदू

आळ्याच्या सोपानराव कुऱ्हाड्यांचा कशावर चटकन विश्वास बसत नसे, आणि हा गुण आता गावात आपल्या एकट्यापाशी उरला आहे अशी त्यांची खात्री होती. एकतीस वर्षं ते मंचरच्या बाजारात लिलावाचे कारकून होते. कांद्याची गोणी कशी भरतात, हे त्यांना भरणाऱ्यापेक्षा जास्त माहीत. तोंडाशी लालचुटूक, एका मापाचा, नवरदेवासारखा पुसून बसवलेला कांदा. बुडाशी बरा. आणि मधल्या अंधारात बोराएवढ्या चिंगळ्या, जोडकांदे, कोंब फुटलेले. म्हणून सोपानराव गोणीच्या तोंडाकडे बघतच नसत. "मधनं फोडा," एवढंच म्हणत, आणि शेतकरी व व्यापारी दोघंही त्यांना सारखेच घाबरत. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ मिळाला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर शाल मधोमध उलगडून पाहिली होती. तिथं कसर लागलेली नव्हती. पण पाहिल्याशिवाय हे कळलं कसं असतं?

गेल्या दोनेक वर्षांत तर जगाची प्रत फारच उतरली होती. घरातला बल्ब उजेड देईना. दुकानदार मोठ्या वॅटच्या खोक्यात लहान बल्ब घालतो असा संशय येऊन त्यांनी तो तीनदा बदलून आणला. पेपरवाले शाईत पाणी घालू लागले होते. गाड्यांच्या पाट्या रंगवणारे रंग वाचवू लागले होते. हिशेबाच्या रजिस्टरातल्या रेषा इतक्या फिक्या छापत की कागद कोरा वाटावा. आणि पौर्णिमेचा चंद्र, तोही पूर्वीसारखा येत नव्हता; त्याला दोन-दोन कडा दिसत. तो दोष सोपानरावांनी डोंगरातल्या खडी फोडण्याच्या यंत्रांच्या धुळीवर टाकला होता आणि त्याबद्दल एक अर्ज लिहून ठेवला होता. तो कुणाकडे द्यायचा एवढंच ठरत नव्हतं.

अशा या माणसाच्या घरात, माघ महिन्यात, त्यांच्या बायकोला मोतीबिंदू निघाला.

देवळाच्या सभामंडपात डोळे तपासणीचं शिबिर होतं. साळुबाई रांगेत बसल्या. सोपानराव बाहेर चपलांपाशी उभे राहिले, कारण फुकटच्या ठिकाणी चपला कोण सांभाळणार? तपासणाऱ्या मुलीने साळुबाईंना सांगितलं, दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त, मंचरला डॉक्टर सुप्रियांच्या दवाखान्यात या. सोपानरावांनाही तिनं आत बोलावलं होतं. "मला स्वच्छ दिसतं," असं ते म्हणाले आणि घरी येताना दुसऱ्याच्या चपला घालून आले.

साळुबाईंना घाई होती. त्यांची धाकटी लेक भोसरीला नांदत होती, तिला वैशाखात बाळ व्हायचं होतं, आणि या कुटुंबात जन्मलेलं एकही पोर साळुबाईंच्या गोधडीशिवाय निजलेलं नव्हतं. जुन्या लुगड्यांचे थर, वर सासूच्या हिरव्या इरकलीचा तुकडा, आणि कडेपासून आत आत चौकोनात फिरत जाणारी धावदोऱ्याची शिवण, जसा बैल मळ्यात नांगराचं शेवटचं तास घालून मध्यावर येतो. गोधडी अर्धी झाली होती आणि तिथंच अडली होती. दुपारी ओट्यावर बसून त्या दोरा ओवायला बघत, आणि ओवता आला नाही की गुणगुणत:

*सुईच्या नेढ्यापाशी माझा दोरा गं मावंना*
*दारी आलेल्या पाव्हण्याला कसा उंबरा घावंना*

सून समृद्धी झेडपीच्या शाळेत शिकवायची. सकाळी जाताना ती दहा सुया ओवून ठेवी. अकरावी सुई लागली की साळुबाई थांबत. पुढे ऑपरेशन लांबत गेलं तेव्हा एक ओळ त्यांनी हट्टाने स्वतःच्या अंदाजाने घातली, आणि नंतर तिच्यावरून बोट फिरवून सुई खोचून ठेवली.

आता ऑपरेशन म्हटल्यावर आळ्यात सल्ल्याला तोटा नाही. शेजारचा गेणू पहिला आला. गेणूचा दोन एकर कांदा रानात उभा होता, त्यामुळे त्याला जगात दुसरं काही सुचत नव्हतं. त्याने एकच प्रश्न विचारला, पिकलाय का? डॉक्टरीणबाई काढा म्हणते, पण पिकल्याबिगर काढून कसं चालंल? "पात माना टाकती तवाच कांद्याला हात लावायचा, भाऊ. कच्चा उपटला तर चाळीत पंधरा दिस टिकत न्हाई. आन ह्यो तर डोळा हाय." गेणूच्या आजोबांचा मोतीबिंदू सात वर्षं पिकू दिला होता. आजोबांना नंतर कसं दिसत होतं, हे मात्र गेणूला नीटसं आठवेना.

सोपानरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. शेतकऱ्याला घाई करून कच्चा माल काढायला लावणारे दलाल त्यांनी उभ्या हयातीत पाहिले होते. डॉक्टरांना एवढी घाई का?

दुसरा आला राघू. राघूच्या घराण्यात मेंढरं, अजून साठ-सत्तर राखून होता. मेंढीच्या डोळ्यात फूल पडलं की आमी मध घालतो, म्हणाला, सात दिसात डोळा काचंवानी. सोपानरावांनी त्याला मेंढीची साक्ष काढायला सांगितली नाही, हीच त्यांची चूक. मध राघूनेच आणून दिला, जंगली, अस्सल. सोपानरावांनी तो पाण्यात थेंब टाकून पारखला आणि शुद्धतेबद्दल समाधान झाल्यावर साळुबाईंच्या उजव्या डोळ्यात घातला. साळुबाईंनी जी किंकाळी फोडली ती ऐकून गेणूच्या म्हशीने दावं तोडलं. दुसऱ्या दिवशी डोळा टोमॅटोसारखा, आणि उशीवर मुंग्यांची रांग.

मग मंचरला जावंच लागलं. डॉक्टर सुप्रिया तिशीतली मुलगी, घोडेगावकडची, बारीक आवाजाची. तिने डोळा धुतला, थेंब दिले, मग सोपानरावांकडे वळून विचारलं, मध घालायला कुणी सांगितलं, आणि त्याला पुरावा काय होता?

हा प्रश्न सोपानराव आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आले होते. त्यांना तो कुणी विचारला नव्हता. त्यांचा चेहरा पडला, पण लगेच त्यांनी तो उचलला. "मधाला नव्हता, कबूल. पण तुमच्या ऑपरेशनला काय पुरावा आहे? पिकायच्या आधी काढलेला बरा, हे कशावरून?"

बाहेर पंधरा पेशंट बसले होते. तरी डॉक्टर सुप्रिया हसली आणि खुर्ची पुढे ओढून बसली. तिने सांगितलं ते असं. पिकू देण्याची पद्धत पूर्वी खरंच होती, कारण तेव्हाची हत्यारं आणि टाके वेगळे होते. आता तसं राहिलं नाही. दिसण्याचा रोजच्या कामाला त्रास होऊ लागला की काढायचा; फार पिकवला तर उलट ऑपरेशन अवघड जातं, कधी डोळ्याचा दाब वाढून उजेडच जातो. आणि हे माझ्या सरांनी सांगितलं म्हणून मी मानत नाही, काका. हजारो डोळ्यांवर अभ्यास झालेले असतात. ते वाचताना आम्ही बघतो, माणसं किती होती, निवडली कशी, आणि मधेच गळाली ती का गळाली.

शेवटचं वाक्य सोपानरावांना फार आवडलं. तिने चौदा पानांचा एक इंग्रजी शोधनिबंध छापून दिला, तो समृद्धीने दोन संध्याकाळी मराठीत समजावून सांगितला. सोपानराव डोळे मिटून ऐकत होते, कारण बल्ब वाईट. सगळं ऐकून त्यांनी निकाल दिला की माणसं बिचारी खरी असतील, पण सगळी परमुलखातली. त्यांतल्या एकाने तरी आळ्याची बाजरी खाल्ली आहे काय?

पुढच्या खेपेला डॉक्टर सुप्रियाने, समजूत पटावी म्हणून, इथल्याच तीन पेशंटांची गाठ घालून देते म्हटलं. तिघंही उत्तम बघतात. सोपानराव मंद हसले. गोणीच्या तोंडाशी कुठला कांदा असतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"तुम्ही तीन काढून देणार ते नकोत," ते म्हणाले. "तुमच्या वहीतला दर दहावा मला द्या. चांगला निघो, वाईट निघो."

डॉक्टर सुप्रियाने हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, हे तुम्ही कुठं शिकलात? सोपानरावांनी सांगितलं, कांद्यात.

पण दर दहावा असा मिळत नाही. पेशंटचं नाव बाहेर देता येत नाही. आधी त्या माणसाची परवानगी हवी. त्यासाठी काय विचारणार ते लिहून द्या. सोपानरावांनी अर्ज लिहिला: "विषय: मोतीबिंदू कच्चा की पक्का याबाबत प्रत्यक्ष स्थळी जाऊन चौकशी करणेबाबत." अर्जात प्रश्न पाच. नाव-गाव, कुठला डोळा नि कधी, काढताना पिकला होता की कच्चा, आता काय दिसतं, आणि फसवणूक झाली असं वाटतं का. दवाखान्यातल्या बाईंनी पाचवा प्रश्न खोडायला सांगितला, सोपानरावांनी तो शेवटी अधिक बारीक अक्षरात पुन्हा घातला. मग बाईंनी वहीतल्या दर दहाव्या अशा तीस जणांना फोन केले. चौघे नको म्हणाले. एक म्हातारपणाने वारला होता. उरले पंचवीस.

"नको म्हणणारे चार, तेच खरे मधले," सोपानराव रात्रीच्या जेवणाला समृद्धीला म्हणाले. तिनं पोळी वाढता वाढता सांगितलं, त्या निबंधातही हेच लिहिलंय, मामा, शास्त्रज्ञांचीही तीच रड आहे. सोपानरावांना शास्त्रज्ञांबद्दल पहिल्यांदाच थोडी आपुलकी वाटली.

साळुबाई ताटातला घास चाचपत होत्या. "ह्या चौकशीला किती दिस लागत्याल?" त्यांनी विचारलं.

"महिना धर."

"आन ल्येकीला किती ऱ्हायलेत?"

सोपानरावांनी आमटीची वाटी ओरपली. शास्त्राला घाई चालत नाही, असं त्यांचं नवं मत होतं.

फाल्गुनात ते बाहेर पडले. काखेत लांब रजिस्टर, खिशाला दोन पेनं, डोक्यावर धुवट टोपी. आणि इथं एक अशी गोष्ट घडली जिची त्यांनी कल्पनाच केली नव्हती. जन्मभर लोकांवर संशय घेणाऱ्या माणसावर लोक संशय घेऊ लागले. अनोळखी म्हातारा दारात येतो, वही उघडतो, नाव विचारतो, गाव विचारतो, तर त्याच्या मनात काय असेल? एका वाडीत त्यांना रेल्वेच्या भूसंपादनाचा माणूस समजून चार जणांनी घेरलं आणि डोळ्यांचं निमित्त करून बांध मोजायला आलास का असं विचारलं. दुसरीकडे एका म्हातारीने, दिसतं असं सांगितलं तर निराधार पगार बंद होईल या भीतीने, दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले आणि आपल्याला काहीच दिसत नसल्याचं सांगितलं. मात्र सोपानराव उठले तेव्हा "भाऊ, तुमचं टोपान ऱ्हायलं पेनाचं, त्या खाटंखाली बघा," म्हणाली. तिसऱ्या ठिकाणी पोलीस पाटलांनी ओळखपत्र मागितलं. सोपानरावांनी बाजारातलं जुनं काढून दाखवलं. पाटलांनी फोटोतल्या काळ्याभोर केसांकडे आणि समोरच्या टोपीकडे आळीपाळीने बघून विचारलं, ह्यो तुमचा मुलगा का?

त्या दिवशी सोपानरावांचा अभिमान फार दुखावला. चांगुलपणाचा दाखला मिळावा म्हणून ते ग्रामपंचायतीत गेले. तिथे चांगुलपणाचा छापील नमुनाच नव्हता. रहिवासाचा होता, हयातीचा होता. शेवटी त्यांनी हयातीचा घेतला. आपण जिवंत आहोत एवढं तरी लोकांनी मान्य करावं.

प्रवासातही विघ्नं. एकदा मंचरला जायचं म्हणून पाटी वाचून गाडीत बसले आणि उतरले तर जुन्नर. पाटी रंगवणाऱ्याने अक्षरं पुसट काढल्यामुळे हे झालं, असा त्यांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर शेरा मारला. गाडीतल्या गर्दीत तो शेरा त्यांनी आधीच्या शेऱ्यावरच लिहिला, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही. रेषाच फिक्या, माणूस तरी काय करणार.

तरी रजिस्टर भरत चाललं. आणि त्यात एक अडचण निघाली. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं चौकटीत मावत होती. चौथ्याची मावत नव्हती. आता काय दिसतं, असं विचारलं की माणसं थांबत, कुठंतरी बघत, आणि भलतंच काही सांगत. एक म्हणाली, तांदळातला खडा दिसतो, आता पोरांच्या दातांखाली येत नाही. एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला, माझी मेंढी कानाच्या खुणेवरून मी लांबून ओळखतो. मधे दोन वर्षं मी दुसऱ्याची मेंढरं हाकून आणत होतो, लोक चोर म्हणायचे. एकीने सांगितलं, नवऱ्याच्या फोटोला हार घालते, तर फोटो तिरका लागलाय हे आत्ता दिसलं, आठ वर्षं तिरकाच होता. यांची बेरीज कशी करायची? सोपानरावांनी बाजारात एकतीस वर्षं बेरजा केल्या होत्या. ही एकही आकड्यात बसेना. तरी ते सगळं लिहून घेत गेले, समासात, आडवं, उभं.

एकवीस जणांना चांगलं दिसत होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांचा कच्चाच काढलेला. तिघांना जेमतेम, त्यांना साखरेचा आजार होता आणि तो डोळ्याच्या पडद्यात आधीच उतरला होता. फसवणूक म्हणाल तर एकच तक्रार निघाली, की दवाखान्यातला चहा फार गोड. पण सोपानराव मनात म्हणत होते, मधली गोणी अजून फुटलेली नाही.

पंचविसावं नाव डिंभ्याचं होतं. निघायच्या सकाळी साळुबाई म्हणाल्या, मी चार दिस ल्येकीकडं जाऊन येते, समृद्धी पोचवील. सोपानरावांनी मान हलवली. जरा जास्तच निमूटपणे सांगितलं असा संशय त्यांना यायला हवा होता, पण त्यांचं लक्ष घड्याळाच्या काट्यांकडे होतं, जे कंपनीवाले हल्ली बारीक करू लागले होते.

घोडेगावपर्यंत गाडी, पुढे भरलेली जीप, मग धरणाच्या कडेने पायी. घोड नदीचं पाणी उन्हात नुसतं पांढरं पेटलेलं, त्यांना डोळ्यांवर हात धरून चालावं लागलं. कोंडाबाईंचं घर पाण्याच्या वर होतं. दारात वाळत घातलेलं मासेमारीचं जाळं, आणि ओट्यावर बाई बसलेली. सोपानरावांनी वही उघडली. डावा डोळा, दोन वर्षांपूर्वी, कच्चाच. तेवढं लिहून झाल्यावर त्यांनी सवयीने म्हटलं, आणि उजवा?

कोंडाबाई म्हणाल्या, "त्यो पिकवला, भाऊ."

आधी उजव्यातच निघाला होता. दीर म्हणाले, कच्चा काढू नको. आमचे दीर लई हुशार, चौकशी केल्याशिवाय पाण्यात पाय घालायचे नाहीत. त्यांनी इथं विचारलं, तिथं विचारलं. चार वर्षं पिकवला. मग एक दिवस डोळा असा ठणकला की मी भिंतीला डोकं लावून बसले. मंचरला नेईपर्यंत आतला उजेड गेला. डॉक्टरीणबाईने डावा वाचवला.

सोपानराव लिहायचे थांबले होते.

"दिरांचं वाईट न्हाई मनात," कोंडाबाई म्हणाल्या. "त्यांनी माझ्या काळजीनंच चौकशी केली. पर चौकशी त्यांची चालली व्हती आन डोळा माझा चालला व्हता. लिवलं का ह्ये?"

त्यांनी लिहिलं. मग चौथा प्रश्न विचारायला त्यांचा धीर होईना, तर बाईंनी आपणहून सांगितलं, वारं सुटलं की पाण्यावर लाटांची वळी उठते ती दिसते, एका बाजूची.

परतीची जीप तीन तासांनी आली. तेवढा वेळ सोपानराव रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होते. त्यांना घरातल्या उशीवरच्या मुंग्या आठवत होत्या, आणि ताटात चाचपणारा हात. शेवटी मधली गोणी फुटली होती, आणि तिच्यातून निघालेला माल त्यांना घरचाच वाटत होता. ते घरी पोचले तेव्हा घर रिकामं. उद्या सकाळीच मंचरला जाऊन ऑपरेशनची तारीख घेऊन टाकायची, मग भोसरीला फोन करून साळुबाईला बोलावून घ्यायचं, आणि परवानगी अशी मोठ्या मनाने जाहीर करायची, असा त्यांनी बेत केला. परवानगीचं पहिलं वाक्यही तयार केलं: "सर्व बाजूंनी विचार करता."

सकाळी दवाखान्यात बाकावर आदल्या दिवशीचे पेशंट पट्ट्या उघडण्यासाठी ओळीने बसले होते. सगळ्यांच्या एका डोळ्यावर पांढरी चौकोनी पट्टी, वर हिरवं फडकं, खिडकीतलं ऊन पाठीमागे. सोपानरावांना नुसत्या सात सावल्या दिसल्या. वारलेल्याच्या जागी एक नाव भरायचं राहिलंच होतं. डॉक्टर सुप्रियाने, ज्यांची हरकत नसेल त्यांना विचारा, अशी मुभा दिलेली. त्यांनी मोजून मधली सावली निवडली, समोर स्टूल ओढलं, पेनाचं टोपण काढलं.

"नाव सांगा, बाई."

"साळुबाई सोपान कुऱ्हाडे," सावली म्हणाली. "मुक्काम आळे."

शेजारी बसलेल्या समृद्धीने पदराआड तोंड लपवलं.

सोपानरावांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. पंचवीस जणांची साक्ष घेतलेला माणूस, त्याच्या स्वतःच्या घरातला माल त्याच्या नकळत बाजारात आला होता. त्यांनी विचारलं, "सही कुणी केली?"

"डोळा माझा. सही माझी," साळुबाई म्हणाल्या. "चौथी पास हाय मी. तुमची चौकशी व्हईस्तवर पोराचं बारसं झालं असतं. फुडला सवाल इचारा."

"कुठला डोळा, कधी," सोपानराव हळूच म्हणाले.

"उजवा. काल. तुमी डिंभ्याला गेला तवा."

"पिकला होता की कच्चा?"

"ते मी डाक्तरला इचारलं न्हाई. मी कांदा न्हाई."

"सर्व बाजूंनी विचार करता," सोपानराव म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना आठवेना.

तेवढ्यात नंबर आला. डॉक्टर सुप्रियाने पट्टी काढली, डोळा पुसला, थेंब घातला. साळुबाईंनी पापणी दोनदा मिटली, दोनदा उघडली. त्यांनी छताकडे बघितलं, सुनेच्या कानातल्या फुलाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "शर्टाचं बटान एक खाली लागलंय तुमचं," त्या म्हणाल्या. "असंच गेला व्हता का डिंभ्याला?" आणि हात पुढे केला. "ती वही आना हिकडं. काय लिवलंय बगू तरी."

सोपानरावांनी जरा ऐटीत रजिस्टर दिलं. साळुबाई पानं उलटू लागल्या. पहिलं पान झालं. तिसरं झालं. सातव्यावर त्या थांबल्या, वही जरा दूर धरली, जवळ धरली, उलटी करून पाहिली. मग काही न बोलता त्यांनी ती डॉक्टर सुप्रियाकडे दिली.

पहिल्या पानावर अक्षर बाजारातलं होतं, टपोरं, रेषेवर बसलेलं. तिसऱ्यापासून ओळी उताराला लागल्या होत्या. सातव्यावर तांदळातला खडा आणि मेंढीचा कान एकमेकांवर चढले होते. डिंभ्याच्या पानावर कोंडाबाईंचा डावा डोळा आणि उजवा डोळा एकाच जागी, एकावर एक लिहिलेले, कुठला गेला आणि कुठला राहिला ते देवालाही वाचता न येणारं.

"रेषा फिक्या छापतात हल्ली," सोपानराव म्हणाले. "मी त्या दुकानदाराला—"

"रेषा ठसठशीत हायेत," साळुबाई म्हणाल्या. "निळ्या. मला हितनं दिसत्यात."

खोलीत कुणी हसलं नाही, आणि तेच सोपानरावांना जास्त लागलं. त्यांच्या मनात एकामागून एक वस्तू उठून उभ्या राहू लागल्या, लिलावाच्या ओट्यावर याव्यात तशा. तीनदा बदललेला बल्ब. पेपरची शाई. जुन्नरला नेणारी मंचरची पाटी. सभामंडपाबाहेरच्या दुसऱ्याच्या चपला. दोन कडांचा चंद्र. दोन वर्षं त्यांनी साऱ्या जगाची गोणी मधून फोडली होती, आणि एकच गोणी फोडायची राहिली होती, जिच्यातून ते बघत होते.

डॉक्टर सुप्रियाने यंत्राकडे बोट केलं. सोपानरावांनी हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं, आणि त्या बारीक उजेडात, जन्मात पहिल्यांदा, त्यांना कुणीतरी मधून तपासलं.

"काका," ती म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत आहे. काकूंपेक्षा जास्त. तुमच्या भाषेत सांगायचं तर चांगलाच पिकलाय."

त्यांनी पुरावा मागितला नाही.

महिन्याने, चैत्र सरता सरता, साळुबाईंचा दुसरा डोळाही झाला होता आणि सोपानरावांचा पहिला. गोधडी शेवटच्या तासाला आली होती. एके दुपारी साळुबाई ओट्यावर बसल्या, सुई स्वतः ओवली, आणि मग ती गोधडीत खोचून ठेवून रजिस्टर मांडीवर घेतलं. अजून एक नाव भरायचं राहिलं होतं. त्या चौथी पास. अक्षर एकेक टाका घातल्यासारखं, पण रेष सोडायचं नाही. नवऱ्याचं नाव लिहून झालं, डोळा लिहून झाला. पिकलेला, असं त्यांनी जरा जास्तच ठळक लिहिलं.

"आता काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

सोपानराव थांबले, कुठंतरी बघू लागले. सगळेच थांबतात तसे. खरं तर रजिस्टरच्या रेषा दिसत होत्या, निळ्या, ठसठशीत, पण ते सांगायला जीभ वळेना. त्यांची नजर गोधडीवर गेली. सासूची हिरवी इरकल, कडेने आत आत फिरणारे पांढरे टाके, एकाशेजारी एक, चौकोनात चौकोन. आणि मध्याच्या अलीकडे एकच ओळ वेडीवाकडी, वर चढलेली, खाली घसरलेली, शेजारच्या ओळीवर पाय दिलेली.

"ही ओळ वाकडी गेलीय," ते म्हणाले. "उसवून नीट घाल. पाहुणे बघतील बारशाला."

साळुबाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, तेव्हा फिरवलं होतं तसंच.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमची चौकशी चालली व्हती तवाचा पुरावा हाय त्यो."

सोपानरावांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "लिही. ओळ वाकडी आहे, असं दिसतं."

साळुबाईंनी ते लिहिलं, अगदी रेषेवर. पाचवा प्रश्न आला, फसवणूक झाली असं वाटतं का. तो त्यांनी नवऱ्याला विचारला नाही. गोधडीत खोचलेली सुई उचलली आणि टाचायला बसल्या.